दसऱ्याला पांढरी साडी

2025 साली दसरा, गांधी जयंती आणि आमचा योम किप्पूर असे तिन्ही 2 ऑक्टोबरला आले. रजेचा अर्ज वाचला, तेवढाच फायदा. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. योम किप्पूर हा आमचा प्रायश्चित्ताचा दिवस. या दिवशी पांढरे कपडे घालायचे आणि 25 तास कडकडीत उपास करायचा.

सिनेगॉगला निघाले, तर जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी गाठलंच.

"अगं, दसऱ्याला पांढरी साडी? पांढरा तर पहिल्या माळेलाच झाला!" मग आवाज एकदम खाली. "कोणी गेलं का गं?"

"कोणी नाही काकू. उपास आहे."

उपास म्हटल्यावर काकू खुलल्याच. "मग खिचडी टाकते."

"चालत नाही."

"भगर?"

"नाही."

"राजगिऱ्याचा लाडू? तो तर कशालाही चालतो."

"काकू, पाणीसुद्धा चालत नाही."

काकू गंभीर झाल्या. बराच विचार करून म्हणाल्या, "मग चहा घे. सगळा दुधाचाच करते, पाण्याचा थेंब नाही घालत."

काकूंचा राग नाही. म्हणजे, आहे थोडा. कोकणात आमच्या कित्येक पिढ्या गेल्या. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून आमच्या पूर्वजांना लोक 'शनवार तेली' म्हणायचे. आडनावाला 'कर' आहे, गणपतीची वर्गणी न मागता जाते, आणि 'सुखकर्ता'ची तिन्ही कडवी मला काकूंच्या नातवापेक्षा नीट येतात. (तो 'संकष्टी पावावे' म्हणतो.) 2016 मध्ये राज्य सरकारनं आम्हाला अल्पसंख्याक दर्जा दिला, तो अजून आमचा जिना चढायचाय. इथे दरवर्षी पहिल्यापासून सुरुवात. ज्यू म्हणजे ख्रिश्चनच ना? मग नाताळचा केक कुठाय? आणि मराठी किती छान बोलता हो तुम्ही! अहो, दुसरं काय बोलू? आम्ही कधी कोणाला विचारलं का, की नवरात्रात अनवाणी का फिरता? नाही विचारलं. सगळं पाठ आहे आम्हाला. करावंच लागतं.

काकूंनी आपट्याची पानं हातात कोंबली. मीही "सोन्यासारख्या राहा" म्हटलं. तेही पाठ आहे.

"पुढच्या वर्षी तरी हा उपास जरा दसरा सोडून ठेवा गं."

"पुढच्या वर्षी 21 सप्टेंबरला आहे, काकू."

काकूंनी बोटांवर हिशोब केला. "अगंबाई, म्हणजे गणपतीत! मग मोदक तरी चालेल ना? उकडीचा?"