युरोपातील बंदी आणि आपल्या डोक्यातील कोंडा

सांगली-मिरजेकडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा आशय असा : कोंड्यावरच्या शाम्पूतील झिंक पायरीथिऑन हे युरोपने बंदी घातलेले, कर्करोग करणारे विष आहे; त्याने केस गळतात; कोंडा म्हणजे टाळूचा कोरडेपणा, म्हणून खोबरेल तेलात आपली सांगलीची हळद आणि लिंबाचा रस कालवून रात्रभर लावावा; आणि जस्त हवेच असेल तर त्याच्या गोळ्या खाव्यात. यातली एक गोष्ट खरी आहे आणि तिच्याच भांडवलावर बाकीच्या खपवल्या जात आहेत.

खरी गोष्ट बंदीची. युरोपीय संघाने १ मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत हे द्रव्य वापरण्यास मनाई केली. मात्र त्यामागचे कारण कर्करोग हे नव्हते. प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे ते प्रजननास घातक अशा वर्गात टाकले गेले, आणि तेथील कायद्यानुसार या वर्गातले द्रव्य प्रसाधनांतून आपोआप बाद होते. सूट हवी असेल तर त्याला योग्य पर्याय उपलब्ध नाही हेही दाखवावे लागते. कोंड्यासाठी पायरोक्टोन ओलामिनसारखे पर्याय हाताशी असल्याने ती सूट मिळाली नाही. विशेष म्हणजे, धुऊन टाकायच्या केशप्रसाधनांत १ टक्क्यापर्यंत हे द्रव्य सुरक्षित आहे, असा अभिप्राय युरोपच्याच वैज्ञानिक समितीने २०२० मध्ये दिला होता. अमेरिकेत तर धुऊन टाकायच्या उत्पादनांत ०.३ ते २ टक्के प्रमाणाला चिठ्ठीशिवाय विक्रीची मुभा आहे. प्रयोगातील प्राण्यांच्या पोटात गेलेली मात्रा आणि डोक्यावर चार मिनिटे ठेवून धुतलेला फेस यांतला फरक संदेश लिहिणाऱ्याने गाळला आहे. पाण्यातील जीवांना हे द्रव्य फार विषारी असते, ही हरकत मात्र रास्त आहे, आणि शहराचे सांडपाणी कृष्णेत नेणाऱ्या शेरीनाल्याच्या प्रश्नाने गांजलेल्या सांगलीकरांनी ती घेतली असती तर मी प्रतिवाद केला नसता.

केस गळण्याचा मुद्दा फार काळ टिकणारा नाही. कोंड्याच्या खाजेने डोके खाजवून केस तुटतात आणि नेमके त्याच दिवसांत शाम्पू सुरू केलेला असतो, त्यामुळे दोष शाम्पूच्या माथी येतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, २०० पुरुषांवरील २६ आठवड्यांच्या एका चाचणीत १ टक्का झिंक पायरीथिऑनचा शाम्पू रोज वापरणाऱ्यांच्या केसांची संख्या घटली नाही, उलट किंचित वाढलेली आढळली. ही वाढ टक्कल भरून काढण्याइतकी नव्हती, हेही सांगितले पाहिजे.

कोरडेपणाचा समज अधिक खोल रुजलेला आहे, कारण थंडीत कोंडा वाढतो हा सर्वांचा अनुभव आहे. प्रत्यक्षात टाळूवर सर्वांच्याच वास्तव्याला असलेली मॅलासेझिया नावाची यीस्टवर्गीय बुरशी तेथील तेलकट स्रावावर जगते, तो फोडताना ओलेइक आम्लासारखी मेदाम्ले मोकळी करते, आणि ज्यांची टाळू ती सोसत नाही त्यांची त्वचा वेगाने सुटू लागते. झिंक पायरीथिऑन या बुरशीच्या पेशींत तांब्याचा शिरकाव वाढवते, त्यामुळे तिची लोह-गंधकयुक्त प्रथिने बिघडतात आणि तिची वाढ खुंटते. या बुरशीला स्वतःची मेदाम्ले तयार करता येत नाहीत, ती बाहेरूनच मिळवावी लागतात; अशा वेळी रात्रभर तेल मुरवणे म्हणजे तिला पंगत वाढण्यासारखे आहे. तेलाने पापुद्रे मऊ होऊन डोक्याला चिकटतात, म्हणून दोन दिवस कोंडा गेल्यासारखा वाटतो, एवढेच. न्हाण्याआधी तासभर तेल लावणाऱ्यांशी माझे भांडण नाही.

हळदीविषयी लिहिताना थोडा संकोच होतो. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीच्या हळदीचा अभिमान मलाही आहे, परंतु मानांकन तिच्या मूळ स्थानाची आणि गुणवैशिष्ट्यांची ओळख सांगते, कोंड्यावरील औषध म्हणून दिलेले ते प्रमाणपत्र नव्हे. लिंबाचा रस तर खाजवून सोललेल्या टाळूची आगच करतो.

गोळ्यांचा सल्ला सर्वांत बेजबाबदार आहे. झिंक पायरीथिऑनमध्ये वजनाने जस्त जेमतेम पाचवा भाग असते आणि ते बुरशीवर बाहेरून काम करते. त्याचा शरीरातील जस्ताच्या कमतरतेशी संबंध नाही. दिवसाला ४० मिलिग्रॅमहून अधिक जस्त दीर्घकाळ पोटात गेल्यास तांब्याचे शोषण कमी होऊन रक्ताल्पता आणि नसांचे विकार उद्भवू शकतात.

‘शाम्पू वापरूनही गुण आला नाही’ या तक्रारीमुळेच असे संदेश पुढे ढकलले जातात, म्हणून वापराविषयी थोडे. फेस केसांवर नव्हे तर टाळूवर चोळावा, तीन ते पाच मिनिटे ठेवावा आणि आठवड्यातून दोनदा वापर करावा. लगेच धुऊन टाकले तर औषधाचे कण टाळूवर नीट बसतच नाहीत. चार आठवड्यांत फरक न पडल्यास केटोकोनॅझोलसारखा दुसरा बुरशीनाशक पर्याय त्वचारोगतज्ज्ञाला विचारून घ्यावा. जाड, चांदीसारखे पापुद्रे किंवा लहान मुलाच्या डोक्यावर केस तुटलेला गोल चट्टा दिसत असेल, तर चार आठवडेही थांबू नये. तो सोरायसिस किंवा नायटा असू शकतो, आणि त्यावर ना हा शाम्पू पुरेसा आहे ना हळद.