देवदासपेक्षा त्या दोघी

'देवदास'चं नाव काढलं की लोक हळहळतात. बिचारा! मला मात्र त्याची फारशी कीव येत नाही, आणि शरदबाबूंचं, म्हणजे बंगाली कादंबरीकार शरच्चंद्र चट्टोपाध्यायांचं, मूळ पुस्तक वाचलंत तर तुम्हालाही सिनेमा बघून येते तेवढी येणार नाही.

अब्रू पणाला लावून त्याची बालमैत्रीण, तेरा वर्षांची पारो, रात्री एकटी त्याच्या खोलीत येते. घरचे 'नाही' म्हणताच हा कलकत्त्याला पळतो आणि तिथून पत्र टाकतो, की तुझ्यावर माझं फार प्रेम आहे असं मला कधी वाटलंच नाही. पत्र गेल्यावर साहेबांना पस्तावा! परत येतो तोवर तिचं लग्न ठरलेलं. घाटावर ती त्याला चार शब्द सुनावते, तर हा हातातल्या गळाच्या काठीने तिचं कपाळ फोडतो. पडद्यावर त्या जखमेची प्रेमखूण होते. पुस्तकात मात्र रक्त वाहतं आणि मारणाऱ्याचा रागच येतो.

त्यापुढे तो फक्त पितो. करतात त्या बायका. पारोला बिजवर जमीनदार मिळतो, चाळिशीच्या आसपासचा, मुलं मोठी झालेला. सावत्र मुलगी यशोदा चिडून माहेरी येते, तर पारो स्वतःचे दागिने उतरवून तिच्या अंगावर घालते. मुलगी गप्पच! चंद्रमुखी ही कलकत्त्यातली गणिका, देवदासवर जीव जडलेली. ती तर धंदा सोडून खेड्यात जाऊन राहते, त्याची खबर काढायला त्याच्या गावापर्यंत चालत जाते. तो सापडत नाही म्हटल्यावर कलकत्त्यात येऊन पुन्हा तोच साज चढवते, केवळ त्याला शोधण्यासाठी. सापडतो तो रस्त्यावर, पिऊन पडलेला.

हे शरदबाबूंनी पंचविशीच्या आसपास लिहिलं, छापलं गेलं 1917 मध्ये. मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे शरदबाबू मराठी घरांत पोचले, पण 'देवदास' म्हटलं की आपल्याला आठवतात ते नटच. सैगल, दिलीपकुमार, शाहरुख.

भन्साळींनी 2002 मध्ये पारो आणि चंद्रमुखीला 'डोला रे'वर एकत्र नाचवलं. नाच देखणा आहे, वाद नाही. पण पुस्तकात त्या दोघी एकमेकींना कधी भेटतच नाहीत, आणि भेट घालायचीच तर बिमल रॉयसारखी घाला. 1935 च्या, दिग्दर्शक बरुआंच्या 'देवदास'ला कॅमेऱ्यामागे हेच होते, 1955 मध्ये त्यांनी स्वतः 'देवदास' दिग्दर्शित केला. त्यांच्या सिनेमात पालखीतली पारो आणि पायी चाललेली चंद्रमुखी रस्त्यात एकमेकींना ओलांडून जातात. नुसती नजरानजर, संवाद एकही नाही. त्या दोघी समोरासमोर आल्या की देवदासची आठवणही येत नाही, हे बिमलदांना कळलं होतं.

फिल्मफेअरला मात्र कळलं नाही. या चंद्रमुखीसाठी वैजयंतीमालाला सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार दिला. माझी भूमिका सुचित्रा सेनच्या पारोइतकीच मोठी आहे, सहाय्यक कसली, म्हणून तिने तो नाकारला. बरोबर केलं!