अभिनंदनाच्या बोर्डावर दोन ओळी शोधाच्या पण लिहा

गेली सतरा वर्षं मी कोल्हापुरात फ्लेक्स छापतोय. वाढदिवस, तालमी, गणपती, शाहू जयंती, सगळं छापलं. पण आज बोलायचंय ते कॉलेजांच्या बोर्डांबद्दल. वर कॉलेजचं नाव, मग संस्थेचे पदाधिकारी, मग प्राचार्य, मग विभागप्रमुख आणि खाली एका कोपऱ्यात ज्या पोराचं किंवा पोरीचं कौतुक आहे त्याचा पासपोर्ट साइज फोटो. मजकूर ठरलेला, "आंतरराष्ट्रीय शोधपत्रिकेत संशोधन प्रसिद्ध झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन". असे किती बोर्ड छापले त्याचा हिशोब नाही, पण त्या संशोधनात नक्की काय सापडलं हे एकाही बोर्डावर मी छापलेलं नाही. कारण ते मॅटरमध्ये कधी आलंच नाही.

हे डोक्यात बसलं ते आविष्कारच्या पोस्टरमुळं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आविष्कार म्हणजे महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा. 2006 पासून चालू आहे, आधी खालच्या फेऱ्या, मग विद्यापीठ, मग राज्य. भाषा, समाजशास्त्र, शुद्ध विज्ञान, शेती, इंजिनिअरिंग, औषधशास्त्र असे गट असतात आणि मीटरभर पोस्टरवर आपलं काम मांडून परीक्षकांपुढं उभं राहायचं असतं. त्या आठवड्यात दुकानात पोरांची रांग लागते, आणि मी पोस्टर लावतो तेव्हा वाचतो, कारण चूक राहिली तर पोरांचा मार्क जातो.

मागच्या वेळी शिरोळ तालुक्यातली एक बीएस्सीची पोरगी आली होती. विषय क्षारपड जमीन. म्हणाली, "काका, पीएच लिहिताना पी लहान आणि एच मोठा करा, नायतर मी परीक्षकांपुढं काय सांगतो?" (आमच्याकडच्या पोरी मी करतो, मी सांगतो असंच बोलतात.) मशीन गरम होईपर्यंत मी सहज विचारलं, तुला काय मिळालं ते मला सांग की. तिनं जे सांगितलं ते मी आजपर्यंत एकाही भाषणात ऐकलं नव्हतं. भारी काळी जमीन, वर्षानुवर्षं उसाला पाटपाणी, पाणी मुरतं पण खाली निचरा नाही, त्यामुळं जमिनीतली पाण्याची पातळी वर येते, मग ते खारं पाणी मातीच्या बारीक पोकळ्यांतून वर चढतं, उन्हानं पाणी उडून जातं आणि मीठ वरच राहतं, तेच पांढरं फुटलेलं रान. मग म्हणाली, नुसता क्षार असेल तर जमिनीखाली भोकाचे पाइप घालून निचरा काढायचा, पण चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट झालेली जमीन असेल तर नुसत्या पाण्यानं धुऊन भागत नाही, जिप्सम लागतं, आणि यातलं काय आहे ते माती तपासल्याशिवाय डोळ्यांनी कळत नाही. माझ्या मेव्हण्यानं दोन वर्षं नुसतं पाणी सोडून रान धुतलं आणि पैसे घालवले, त्याला हे आधी कोण सांगणार होतं? माती तिनं स्वतःच्या वडिलांच्या रानातनं आणली होती, वरच्या बांधाची वेगळी, ओढ्याकडची वेगळी, पिशवीवर मार्करनं नावं घालून.

ते पोस्टर पूर्ण इंग्रजीत होतं. परीक्षकांपुढं काही मिनिटं उभं राहिलं, नंतर गुंडाळून कुठल्यातरी कपाटावर गेलं असणार. तिचे वडील ते वाचू शकले नाहीत.

आर्ट्सच्या पोरांचं तर आणखी वाईट, त्यांना लोक विचारतात यात संशोधन कसलं. एका बीएच्या पोरानं पुराच्या आठवणी गोळा केल्या होत्या, प्रयाग चिखली आणि आंबेवाडीत फिरून. आपल्याला मोबाईलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी येते, 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. पण 43 झाले म्हणजे माझ्या दारात पाणी कुठल्या पायरीपर्यंत, हे आकड्यातनं कळत नाही. ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांना माहीत असतं, 2005 ला इथंवर, 2019 ला त्या खिडकीच्या वर, 2021 ला परत. या पोरानं त्यांच्याकडनं खुणा विचारल्या आणि भूगोलच्या मित्राला घेऊन त्या मोजल्या. आर्ट्स आणि सायन्स एका कॉलेजात कशाला ठेवलेत हे मला त्या दिवशी समजलं. पण तो कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नाही लागला. बोर्ड लागला, अभिनंदनाचा, मीच छापला.

आपल्या गावाला शिक्षणाचं वेड जुनं आहे. राजाराम कॉलेज 1880 चं, गोपाळ कृष्ण गोखले तिथं शिकले. शिवाजी विद्यापीठ 1962 ला झालं. विद्यापीठात पातळ फिल्मवर, म्हणजे सोलर आणि वीज साठवायच्या साहित्यावर वर्षानुवर्षं काम चाललंय, कंदीलपुष्पासारख्या सह्याद्रीतल्या दुर्मिळ वनस्पती जपायचं काम बॉटनीवाल्यांनी केलंय. हे माझ्या गल्लीत कितीजणांना ठाऊक आहे? ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1945-46 ला उत्खनन झालं, ग्रीक समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती ब्रह्मपुरीतलीच, आपल्या टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी पंचगंगेच्या काठचा माणूस समुद्रापलीकडं व्यापार करत होता. मी याच गावात जन्मलो आणि ती मूर्ती बघायला चाळिशी उजाडली. टाऊन हॉलच्या बागेत मात्र लहानपणापासून खेळलो.

एका प्राध्यापकांना मी हे बोललो. ते म्हणाले, "अहो, पेपर इंग्रजीतच लागतो, नॅकला तेच मोजतात." (नॅक म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणारी संस्था.) सर, पेपर इंग्रजीतच राहू द्या, माझी काही हरकत नाही. पण नॅकच्या ज्या निकषात संशोधन येतं त्याच निकषात विस्तारकार्य पण येतं, म्हणजे गावापर्यंत जाणं हे सुद्धा कॉलेजच्याच कामात धरलेलं आहे. दुसरं ते म्हणाले की पोरांचं काम लहान असतं, चार नमुन्यांवर लोकांना काय सांगायचं. हे मला पटतं, आणि म्हणूनच जसं आहे तसंच लिहा, एका रानातली माती आहे, एवढंच दिसलं, तुमचं रान तुम्ही तपासून घ्या. लोकांना तेवढं समजतं. जयंत नारळीकर जन्मले आपल्या कोल्हापुरात, 1938 ला, आणि त्यांनी ताऱ्यांचं गणित मराठीत सांगितलं. मग मातीचं आणि पुराचं सांगायला काय अडचण आहे?

आता नव्या शिक्षण धोरणात पदवीच्या पोरांनाच फील्ड प्रोजेक्ट आलाय. म्हणजे दरवर्षी एवढी पोरं आपल्याच गावांत, विहिरींवर, बाजारात, गुऱ्हाळात जाऊन काहीतरी मोजणार, विचारणार. ते सगळं नुसतं बाइंडिंग करून जमा होणार असेल तर लई वाईट वाटतंय.

म्हणून माझं मागणं दोनच. एक, आविष्कार झाल्यावर ती पोस्टरं एक रविवार बिंदू चौकात नाहीतर रंकाळ्यावर मांडा, पोरांना शेजारी उभं करा, आणि ज्यांच्या रानातनं माती आणली, ज्यांच्या दारात खुणा मोजल्या त्यांना आवर्जून बोलवा. आणि दुसरं, अभिनंदनाच्या बोर्डावर काय सापडलं त्याच्या दोन ओळी मराठीत टाका, एखादा फोटो कमी झाला तरी चालेल.

माझ्याकडं बोर्ड टाकणाऱ्या कुठल्याही कॉलेजला त्या दोन ओळींच्या जागेचे पैसे मी लावणार नाही. ओळी त्या पोराला किंवा पोरीलाच लिहू द्या, फक्त पाठवायच्या आधी त्यांच्या गाईडकडून एकदा तपासून आणा, शास्त्राचा शब्द चुकला तर तो मला कळणार नाही.