‘बायोसेफ्टी म्हणजे नुसते फॉर्म’? आधी चिमट्याची गोष्ट ऐका

आमच्या कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : "बायोसेफ्टीत (लॅबमधल्या जंतूंपासून माणसं सुरक्षित ठेवण्याच्या कामात) जाल तर एम.एस्सी. वाया. दिवसभर फॉर्म भरायचे, बाकी काम मशीन करतं, आणि नोकऱ्या फक्त पुण्याच्या बीएसएल-४ (सगळ्यात घातक विषाणूंच्या) लॅबमध्ये." परवा एका ज्युनिअरने विचारलं, "ताई, खरंय का हे?" मुंबईतल्या लॅबवाल्यांना हेच शिकवण्यात माझी काही वर्षं गेलीत, म्हणून लिहितेय.

आधी मशीन. बायोसेफ्टी कॅबिनेट, म्हणजे जंतूंवर काम करायचं पुढून उघडं, हवा गाळणारं कपाट, ही काही तिजोरी नव्हे. त्यातल्या नेहमीच्या क्लास-२ प्रकारच्या तोंडाशी हवा सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेगाने आत जाते. रमतगमत चालणारा माणूसही याहून जोरात जातो. पहिल्या दिवशी मी तिथे धूर सोडते. तो आत ओढला जातो, सगळे खूश. मग एकाला मागून लोकल चुकतेय असं जायला सांगते, की धुराचं शेपूट बाहेर! हवा आत ओढणाऱ्या पुढच्या जाळीवर कोपर टेकू नका, हे मग दोनदा सांगावं लागत नाही.

हातमोज्यांची गंमत वेगळीच. जंतूंच्या जागी चमकणारी पावडर लावून मोजे काढायला लावायचे, दिवे घालवून अतिनील टॉर्च मारायची. सगळे मनगट पुढे करतात. पावडर सापडते चष्म्याच्या काडीवर आणि खिशातल्या मोबाइलवर.

आता फॉर्म. भरावे लागतात, कंटाळाही येतो. पण १९०२ साली मुंबईत तयार झालेल्या प्लेगच्या लशीची एक बाटली पंजाबातल्या मुल्कोवाल गावी उघडली गेली आणि १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर, ही लस शोधणाऱ्या खुद्द हाफकिनवर. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. हाफकिन दोषमुक्त व्हायला १९०७ उजाडलं. ‘काय पडलं, कुठे, कशाने पुसलं’ हा रकाना आमच्या रजिस्टरमध्ये असतो तो याचसाठी. इथे निदान चिमटा तरी सापडला. पाइक या संशोधकाने १९७६ मध्ये प्रयोगशाळेत लागण झालेल्या ३,९२१ जणांच्या नोंदी मांडल्या. त्यांत ठाऊक असलेल्या अपघाताशी जोडता आलेल्या २० टक्क्यांहूनही कमी.

‘फक्त पुणे’ हे तर सरळ चूक. टीबी कल्चरच्या लॅब, लस आणि औषध कंपन्या, कॅबिनेट तपासून प्रमाणपत्र देणारे, सगळ्यांना ही माणसं लागतात. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत कर्मचाऱ्यांना दरवर्षी प्रशिक्षण सक्तीचं आहे. ते देणार कोण?

एक मात्र मान्य : लहान लॅबमध्ये बायोसेफ्टी बघणाऱ्याचं पद कागदावरही नसतं. सगळ्यात ज्युनिअर मायक्रोबायोलॉजिस्टच्या गळ्यात ते पडतं, पगार तोच. मेसेज लिहिणाऱ्याने यावर तक्रार केली असती तर मी सही केली असती.

ज्युनिअरला एवढंच कळवलं : पुढच्या बॅचला ये. बांगड्या आणि घड्याळ घरी ठेव, केस घट्ट बांध.