ओट्यावरच्या लाइटचे पॉइंट रद्द करण्याआधी हे वाचा

‘किचन नवं करताय? लाइटवर पैसे उधळू नका’ असा एक मेसेज सध्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. तो वाचून माझ्या बहिणीने टाइल्स लागायच्या आधीच वायरमनला कपाटाखालचे पॉइंट रद्द करायला सांगितलं, म्हणून हे लिहिणं भाग आहे. मेसेजमधले दावे पाच: छताच्या मधोमध एक मोठा पॅनल पुरतो; जास्त वॅट म्हणजे जास्त उजेड; लाइट जितका पांढरा तितकं चांगलं दिसतं; एलईडीने अन्नातली जीवनसत्त्वं मरतात; आणि ओट्यावर उजेड हवाच असेल तर ड्रायव्हर (घरातल्या विजेचं व्होल्टेज कमी करून देणारी डबी) न घेता थेट २३० व्होल्टवर चालणारी एलईडीची स्ट्रिप चिकटवा.

शेवटचा दावा आधी घेऊ, कारण तो जिवावर बेतू शकतो.

या थेट स्ट्रिपच्या प्लगपाशी एक छोटी डबी असते. तिलाच लोक ड्रायव्हर समजतात. तिच्यात फक्त रेक्टिफायर असतो. तो एसीचा डीसी करतो, व्होल्टेज कमी करत नाही. स्ट्रिपच्या प्लॅस्टिक नळीच्या आत सुमारे ३२५ व्होल्टपर्यंतचा दाब असतो आणि मेनपासून तो वेगळा केलेला नसतो. स्ट्रिप खुणेवर कापली की टोकाशी तांबं उघडं पडतं आणि त्यावर बसते ती नुसती प्लॅस्टिकची टोपी. आता जागा बघा. कपाटाची खालची कड, समोर कुकरची वाफ, वर साचलेला फोडणीचा तेलकट थर, आणि तो पुसायला रोज फिरणारं ओलं फडकं. ती टोपी निसटली की ओला हात थेट करंटवर. शेगडीजवळच्या भागात नळी उष्णतेने पिवळी पडून तडकते, ते वेगळंच. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) असलीच पाहिजे, पण ती आहे म्हणून उघड्या तांब्याखाली हात घालायचा नसतो.

शिवाय अशा स्वस्त स्ट्रिपचा उजेड सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. मोबाइलचा कॅमेरा समोर धरा, बहुतेक वेळा काळे पट्टे सरकताना दिसतील.

बरोबर पद्धत काही अवघड नाही. १२ किंवा २४ व्होल्टची स्ट्रिप घ्या, मीटरला ८ वॅटच्या आसपासची. ओटा २.४ मीटर असेल तर लोड साधारण १९ वॅट होतो. त्यावर पाव भाग राखीव धरला की २४ वॅट, म्हणजे बाजारात मिळणारा ३० वॅटचा ड्रायव्हर. ड्रायव्हर स्ट्रिपच्याच व्होल्टेजचा हवा. १२ व्होल्टची स्ट्रिप ५ मीटरपर्यंत एकाच टोकाने जोडली तर दुसरं टोक मंद दिसतं. मध्यातून सप्लाय द्या, नाहीतर २४ व्होल्टची घ्या. स्ट्रिप ॲल्युमिनियम प्रोफाइलमध्ये, म्हणजे खाचेच्या पट्टीत, दुधी झाकणासकट बसवा. झाकण नसेल तर काळ्या ग्रॅनाइटवर प्रत्येक एलईडीचा ठिपका चमकतो. प्रोफाइल कपाटाच्या पुढच्या कडेला लावा. भिंतीकडे लावलं तर टाइल्स उजळतात आणि विळी-चाकूची जागा अंधारी राहते. शेगडीवर स्ट्रिप नको, तिथे चिमणीचा दिवा आहेच.

ड्रायव्हर कुठला? एलईडी ड्रायव्हरला आपल्याकडे बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची आहे, मानक आयएस १५८८५ (भाग २, विभाग १३). ड्रायव्हरवर ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो आणि तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर दुकानात उभ्या उभ्या तपासता येतो. क्रमांक नसेल तर तो ड्रायव्हर परत करा, दुकानदार काहीही सांगो.

मधोमध एक पॅनल? ओट्याशी उभं राहिलं की दिवा पाठीमागे येतो आणि आपलीच सावली पाटावर पडते. त्या सावलीत तांदळातला पांढरा खडा दिसत नाही. पॅनल २२ चा ३६ वॅट केला तरी सावली तिथेच राहते. छतावरचा दिवा वावरण्यासाठी हवाच. ८ बाय १०च्या किचनला एकूण २००० ते २५०० ल्युमेन पुरतात. ल्युमेन म्हणजे दिव्यातून मिळणारा उजेड; खोक्यावर वॅट नको, ल्युमेन वाचा. वॅट म्हणजे खाल्लेली वीज.

‘जितका पांढरा’बद्दल थोडं मान्य: ६५०० केल्व्हिनचा लाइट डोळ्याला जास्त लख्ख वाटतो (केल्व्हिन म्हणजे लाइटच्या रंगाचं माप; आकडा मोठा तितका लाइट पांढरा). पण स्वयंपाकाला लागतो तो रंगांचा खरेपणा, आणि तो सीआरआयवर, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याच्या १०० पैकी गुणांवर, ठरतो. सीआरआय कमी असेल तर लाल रंग मरतो. बांगड्याचे कल्ले ताजे की शिळे कळत नाही, कांदा गुलाबी झाला की करपायला लागला तेही नाही. ४००० केल्व्हिन आणि सीआरआय ९० मागा, ८० च्या खाली जाऊ नका. छत आणि ओटा दोन्हीकडे एकच केल्व्हिन ठेवा.

जीवनसत्त्वांचं सांगायचं तर उजेडाने दुधातलं रायबोफ्लेविन (बी-२ जीवनसत्त्व) कमी होतं, हे खरं आहे. पण ते कुठल्याही उजेडाने होतं, उन्हाने तर जास्तच. दूध स्टीलच्या पातेल्यात झाकून ठेवलं की प्रश्न मिटला. ताटातली भाजी दहा मिनिटं एलईडीखाली राहिल्याने काही होत नाही.

टाइल्स लागल्या नसतील तर कपाटाच्या खालच्या कडेच्या उंचीला, म्हणजे ओट्यापासून साधारण २४ इंचांवर, पाइप आणि बॉक्स आजच काढून घ्या. त्याचा स्विच वेगळा ठेवा. टाइल्स लागून गेल्या असतील तर २३० व्होल्टची वायर छताकडून कपाटावर आणा, ड्रायव्हर तिथेच कोरड्या, हवेशीर जागी ठेवा आणि खाली फक्त १२ किंवा २४ व्होल्टची वायर कपाटाच्या आतल्या कोपऱ्यातून उतरवा.