“गरिबाच्या पोरांना खोटी आशा लावू नका”: कागलच्या पालकांना उत्तर

नमस्कार,

परदेशी शिष्यवृत्त्यांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया रागानं लिहिलेली आहे, पण त्या रागाखाली लेकीची काळजी आहे. म्हणून दोन ओळींत उत्तर न देता सविस्तर लिहिते.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हे गृहस्थ कागलचे. मुलगी दहावीपर्यंत मराठी शाळेत होती, मग कोल्हापुरात सिव्हिल इंजिनिअरिंग केलं, ६८ टक्के पडले. गेलं वर्षभर ती एका कंत्राटदाराकडं सांडपाणी प्रकल्पांच्या कामावर आहे. तिला पाण्याच्या विषयातच परदेशात मास्टर्स करायचंय. राजारामपुरीतल्या एका कन्सल्टन्सीत त्यांना सांगितलं गेलं की या मार्कांवर स्कॉलरशिप विसरा, जानेवारीची ॲडमिशन करून देतो, तीस लाखांचं कर्ज काढा. ते आता शेत तारण ठेवायला निघालेत. माझ्यावरचा त्यांचा आक्षेप असा: परदेशी शिष्यवृत्त्या पुण्या-मुंबईच्या कॉन्व्हेंटच्या पोरांना मिळतात, सरकारी पैसा वेळेवर येत नाही, आणि माझ्या लेखातली शिष्यवृत्त्यांची नावं म्हणजे गरिबाच्या पोरांना लावलेली खोटी आशा.

आधी शेताचं बोलू. तीस लाख, ११ टक्के व्याज, दहा वर्षांची फेड धरली तर महिन्याचा हप्ता साधारण ४१ हजार रुपये होतो आणि एकूण परतफेड पन्नास लाखांच्या जवळ जाते. शिक्षण चालू असतानाचं व्याज यात धरलेलं नाही. तिकडं नोकरी लागली तर हा हप्ता निघेल. नाही लागली आणि मुलगी परत आली, तर कोल्हापुरातल्या नव्या सिव्हिल इंजिनिअरच्या पगारातून तो निघणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. कर्ज काढूच नये असं मी म्हणत नाही. पण ते शेवटी काढायचं असतं, आणि तुम्हाला ते पहिल्याच भेटीत काढायला सांगितलं गेलं.

तसं का झालं, तेही सांगते. बऱ्याच कन्सल्टन्सी विद्यार्थ्याकडून फी घेत नाहीत किंवा नाममात्र घेतात. त्यांना पैसे देतं परदेशी विद्यापीठ, प्रवेश झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागं, बहुतेकदा पहिल्या वर्षाच्या फीच्या टक्क्यांत. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फीच नसते, मग तिथं टक्के कशाचे काढणार? ब्रिटनची चेव्हनिंग, जर्मनीची डाड, युरोपीय संघाची इरास्मुस मुंडस या शिष्यवृत्त्यांचे अर्ज विद्यार्थ्यानं स्वतः भरायचे असतात, त्यातही कन्सल्टन्सीला काही मिळत नाही. तुमच्याशी बोलणारा माणूस वाईट असेल असं मला वाटत नाही. पण ज्या रस्त्यानं त्याचं घर चालत नाही, तो रस्ता त्यानं दाखवला नाही.

जानेवारीचंही तसंच. मोठ्या शिष्यवृत्त्यांचं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू होतं आणि त्यांचे अर्ज जवळजवळ वर्षभर आधी जातात. जानेवारीत गेलेल्या मुलीला त्यातलं फारसं काही लागू होत नाही.

आता तुमच्या मुलीबद्दल. तिच्या वर्षभराच्या नोकरीचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलात, “सध्या साइटवर जाते, पण ते काही खरं नाही” असा. मला तुमच्या सगळ्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच वाटली. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगला किमान दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. जर्मनीच्या डाडची विकसनशील देशांतल्या नोकरदारांसाठी एक योजना आहे, इपॉस नावाची. तिला पदवीनंतर दोन वर्षांचा त्याच विषयातला अनुभव लागतो, आणि शेवटची पदवी साधारण सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. हॅनोव्हर आणि श्टुटगार्टच्या विद्यापीठांतले पाण्यावरचे इंग्रजी अभ्यासक्रम या योजनेच्या यादीत राहिलेले आहेत. कॉलेजातून थेट निघालेला कॉन्व्हेंटचा पोरगा, कितीही फाडफाड इंग्रजी बोलला तरी, या दोन्ही ठिकाणी अर्जच करू शकत नाही. तुमची मुलगी अजून एक वर्ष थांबली तर करू शकते.

हे पैसे देणाऱ्यांना काय हवं असतं, ते नीट समजून घ्या. दहावी-बारावीच्या बोर्डासारखी गुणवत्ता यादी लावून ते वाटत नाहीत. चेव्हनिंगला पुढं आपापल्या देशात जबाबदारीच्या जागी जातील अशी माणसं हवी असतात, म्हणून शिक्षण संपल्यावर किमान दोन वर्षं मायदेशी परतायची अट आहे. इपॉसला शिकून आपल्या भागातला प्रश्न सोडवणारा माणूस हवा असतो. मग अर्जात “लहानपणापासून परदेशात शिकायचं स्वप्न होतं” असं लिहिलं तर त्यांच्या हाती काय लागतं? आपल्याकडच्या पोरांचे बहुतेक अर्ज याच वाक्यानं सुरू होतात, आणि ते वाचून माझा जीव तुटतो, कारण सांगण्यासारखं त्यांच्याकडं इतरांपेक्षा जास्त असतं. जयंती नाल्याचं पाणी पंचगंगेत कुठं मिसळतं हे तुमची मुलगी बघते. कसबा बावड्याच्या ७६ एमएलडी (दिवसाला ७.६ कोटी लिटर) सांडपाणी प्रकल्पाचं नाव तिनं वर्तमानपत्रात वाचण्याआधी कामावर ऐकलं असेल. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यानं काविळीची साथ आली तेव्हा ती शाळेत असेल. २०१९ आणि २०२१ चा महापूर तर तिनं डोळ्यांनी पाहिलाय. पुरात प्रक्रिया केंद्रं बंद पडली की मैलापाणी कुठं जातं, यावर तिनं एक पान लिहिलं, आपण काय पाहिलं, काय केलं, काय जमलं नाही आणि ते जमण्यासाठी नेमकं काय शिकायचंय, तर तो अर्ज निवड समिती बाजूला टाकणार नाही. मराठी माध्यम तिथं आड येत नाही. इंग्रजी साधं आणि बिनचूक असलं की पुरतं.

आता ६८ टक्के. याबाबत तुम्हाला पोकळ दिलासा देणार नाही. जर्मन विद्यापीठं आपले गुण एका ठरावीक सूत्रानं बदलून घेतात. कमाल १०० आणि पास व्हायला ४० धरले तर ६८ टक्क्यांचे २.६ होतात. तिथं १ म्हणजे उत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. अनेक अभ्यासक्रमांची अट २.५ च्या आसपास असते, आणि २.५ म्हणजे ७० टक्के. म्हणजे ती काठावर आहे. पण इपॉसमध्ये आणखी एक निकष पाहतात: उमेदवार आपल्या वर्गात वरच्या एक-तृतीयांशात होता का. आपल्याकडं सिव्हिलला ६८ टक्क्यांच्या वर किती पोरं असतात, हे तिथल्या समितीला कसं कळणार? ते आपणच दाखवायचं. वर्गात कितवा क्रमांक होता याचं पत्र कॉलेजकडून लेटरहेडवर घ्या. हे पत्र मागायचं असतं हेच कुणी पोरांना सांगत नाही.

तीच गोष्ट शिफारसपत्रांची. “तूच लिहून आण, मी सही करतो” असं सर म्हणतात, आणि मग तिन्ही पत्रं एकाच हातची वाटतात. वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. सरांना वेळ नसतो हे खरं, म्हणून तिनं त्यांना एक पान मुद्दे द्यावेत: कोणता प्रोजेक्ट, कोणतं वर्ष, काय अडलं, काय केलं. वाक्यं सरांची असू देत. आणि पत्र कॉलेजच्या ईमेलवरून जाऊ दे, खासगी जीमेलवरून आलेलं पत्र अनेक पोर्टल घेत नाहीत.

कंत्राटदाराकडं पगार रोख मिळत असेल तर पुढच्या महिन्यापासून तो बँकेत घ्यायला सांगा. नेमणुकीची तारीख, हुद्दा आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं पत्रही आत्ताच मागून ठेवा. दोन वर्षं राबून, कागद नाही म्हणून अनुभव शून्य धरला जाणं ही फार वाईट गोष्ट आहे.

सरकारी योजनांबद्दल तुमचं म्हणणं बरंचसं मान्य आहे. हप्ता उशिरा आला की तिकडं घरभाडं अडतं आणि पोरं हवालदिल होतात. शिवाय विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावं लागतं, विनाअट प्रवेशपत्र आधी हातात लागतं, आणि अर्जाची मुदत थोडी असते. तरीही त्या सोडू नका. तुमचा प्रवर्ग तुम्ही लिहिलेला नाही. अनुसूचित जातींसाठी समाजकल्याणची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आहे. त्या केंद्राच्या योजनेत भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीरही येतात, हे फार जणांना माहीत नसतं. मराठा-कुणबी असाल तर सारथी ही राज्य सरकारची संस्था आहे, आणि सारथीचं उपकेंद्र आपल्या राजाराम कॉलेजच्या आवारात आहे. तिथं स्वतः जाऊन विचारा.

प्रवर्गाबाहेर असाल तर जे. एन. टाटा एंडोमेंट आहे, १८९२ पासूनचं. ती कर्जरूपानं मिळणारी शिष्यवृत्ती आहे, पैसे परत करावे लागतात. के. सी. महिंद्रा ट्रस्टची मदत बिनव्याजी कर्जाची. या दोन्हींनी पूर्ण खर्च भागत नाही, पण शेतावरचा बोजा कमी होतो.

पूर्ण खर्चाची एकच शिष्यवृत्ती मिळाली तरच जायचं, नाहीतर पूर्ण कर्ज, या दोन टोकांत तुम्ही अडकला आहात असं मला वाटतं. मधला रस्ताही असतो. शाहू महाराज आणि बाबासाहेब जिथं एकत्र आले ते माणगाव कागलच्या माणसाला सांगायला नको. १९१३ साली बाबासाहेब कोलंबियाला गेले ते सयाजीराव महाराजांच्या महिना साडेअकरा पौंडांवर, आणि बदल्यात बडोद्यात दहा वर्षं नोकरी करण्याच्या करारावर. मुदत संपली तेव्हा, १९१७ ला, लंडनचं शिक्षण अर्धं सोडून त्यांना परत यावं लागलं. मग त्यांनी सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतले, शाहू महाराजांनी मदत केली, आणि माणगाव परिषदेनंतर काही महिन्यांतच, १९२० च्या जुलैत, ते पुन्हा लंडनला गेले. कोल्हापूर संस्थानाचा पैसा त्या शिक्षणात होता, पण एकट्या कोल्हापूरचा नव्हता. चार ठिकाणचे पैसे जोडून ते शिक्षण पुरं झालं.

तुमच्या मुलीसाठी मला क्रम असा दिसतो. जानेवारीची ॲडमिशन घेऊ नका, आगाऊ रक्कम भरू नका. येत्या ऑक्टोबर ते जानेवारीत इरास्मुस मुंडसचे अर्ज निघतात. तिथं बहुतेक ठिकाणी अनुभवाची सक्ती नसते, फी माफ होते आणि महिन्याला १,४०० युरो मिळतात. चुरस मोठी आहे, तरी अर्ज करायला फी नाही, तेव्हा करून पाहावा. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोनच वर्षं चालतो, म्हणून इरास्मुसच्या अभ्यासक्रमानं अर्जासोबतच निकाल मागितला नसेल तर ती घाईनं देऊ नका, पुढच्या उन्हाळ्यात द्या. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत दाखला, मात्र आताच काढून ठेवा, त्याला वेळ लागतो. पुढच्या ऑगस्टपर्यंत तिची दोन वर्षं भरतील. तेव्हा चेव्हनिंग आणि इपॉस दोन्हीकडं अर्ज जाऊ दे. जर्मनीत शिष्यवृत्तीशिवाय प्रवेश मिळाला तर वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो खात्यात अडकवून दाखवावे लागतात, म्हणजे सुमारे बारा लाख. त्यासाठी लागलं तर कर्ज काढा. तीस लाखांपेक्षा ते पुष्कळ कमी आहे.

तिला तिच्या कामाबद्दल एक पान लिहायला सांगा. इंग्रजीचं दडपण येत असेल तर आधी मराठीत लिहू दे. ब्लॉगवरच्या संपर्काच्या पानावरून मला पाठवा. मी वाचून, काय राहिलंय ते खुणा करून परत पाठवते.