न्येबोरुफचा महाल आणि वाईचा हिस्सा

दर पावसाळ्यात पुण्यात नाहीतर साताऱ्याकडे एखाद्या जुन्या वाड्याची भिंत ढासळते आणि मला फोन येतो. ‘तुमच्या युरोपात बघा कसं जपतात! आपल्या लोकांना किंमतच नाही.’ हे ऐकवण्यात माझा चुलतभाऊ सगळ्यांच्या पुढे. आमचा वाईचा वाडा बिल्डरला द्यायचा म्हणून मागे लागलेला चुलतभाऊ तो हाच. ‘तुमच्या युरोपात’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. एक तर तो माझा नाही. आणि जपतात म्हणजे नेमकं काय करतात, हे विचारायची तसदी कुणी घेत नाही.

रविवारी इथे पोलंडमध्येच, न्येबोरुफला गेलो होतो. दुकानं बंद, पोरांनी घर डोक्यावर घेतलेलं, म्हणून वाटेत झाब्का या रविवारीही उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानातून हॉटडॉग घेतले आणि वॉर्सातून ए-टू महामार्ग धरला. इथला महाल 1690च्या दशकातला. टिलमन व्हान गामेरेन या डच वास्तुकाराने कार्डिनल राज्येयोव्स्कींसाठी बांधलेला. 1774 मध्ये तो राजिविल या सरदार घराण्याकडे आला. जिन्याच्या भिंती खालपासून वरपर्यंत निळ्या-पांढऱ्या डच फरशांनी मढवलेल्या आहेत. हात लावू नका, हात लावू नका, असं पोरांना बजावण्यातच माझा निम्मा महाल बघायचा राहिला. मागच्या बाजूला लिंडनच्या झाडांची सरळसोट वाट. जुलैत ती फुलते तेव्हा डोक्यावर मधमाश्यांचा नुसता घूं आवाज असतो.

तिथून पाच-सात मिनिटांवर आर्काडिया. हेलेना राजिविल या बाईने 1778 पासून हौसेने उभारलेली बाग. तळ्याकाठी डायानाचं देऊळ, जलवाहिनीच्या कमानी आणि मुद्दाम पडक्या दिसतील अशा बांधलेल्या इमारती. त्यासाठी तिने जवळच्या वोविच गावच्या मोडकळीला आलेल्या जुन्या किल्ल्याचे दगड आणवले. म्हणजे खरा पडका किल्ला मोडून खोटा पडका वाडा! आपल्याकडे कुणा राणीने हे केलं असतं तर आजही तिच्या नावाने खडे फोडले असते. वाईत आम्हाला एवढा खर्च येत नाही. भिंतीत पिंपळ रुजतो, तो हे काम फुकटात करतो.

तर जपणं. 6 सप्टेंबर 1944 ला इथे जमीनसुधारणेचा हुकूम निघाला. पन्नास हेक्टरांहून जास्त शेतजमीन असली की सगळी इस्टेट सरकारजमा (देशाच्या पश्चिम भागात हिशेब थोडा निराळा होता). जमिनीबरोबर महालही गेले, आणि मालकांना स्वतःच्या जिल्ह्यात राहायचीही बंदी झाली. न्येबोरुफचे शेवटचे मालक यानुश राजिविल यांना 1945 मध्ये सोव्हिएत पोलिसांनी कुटुंबासकट उचलून नेलं. त्यांची बायको तिकडेच छावणीत वारली. ते परत आले ते वॉर्सात राहायला. महाल तोवर राष्ट्रीय संग्रहालयाची शाखा झालेला होता. मी तिकिटाचे पैसे पुढे करून ज्या दारातून आत जाते, त्याच दारातून कुणाला तरी बाहेर काढलेलं आहे. हे ‘बघा कसं जपतात’मध्ये कधी येत नाही.

आणि जपलं तेही मोजकंच. माझोव्शेत, म्हणजे वॉर्साच्या आसपासच्या मुलखात, आडरस्त्याला लागा, एखाद्या गावाबाहेर जुनी दाट झाडी दिसली की समजावं, आत कुणाचा तरी महाल होता. आधी सरकारी शेतीचं ऑफिस, मग शाळा, मग कुलूप, मग छप्पर नाही. त्यांचे फोटो काढून भावाला पाठवायचं माझ्या डोक्यात आहे.

आपल्याकडे उलटं झालं. कूळकायद्याने जमिनी गेल्या, वाडे मात्र घरच्यांकडेच राहिले. वाड्याला पोसणारं धान्य आणि पैसा बंद, शाकारणीचा खर्च चालू. शहरांत 1947 च्या भाडेकायद्याने भाडी गोठवली, मग मालकाने कौलं बदलायची कशाच्या जिवावर? वर दर पिढीला वारस वाढत गेले. किंमत नसल्यामुळे नव्हे, सातजणांचं एकमत होत नाही म्हणून वाडे पडतात. आपल्याला वाडा हवा, हिस्साही हवा, आणि बघायला येणाऱ्याला तिकीट नको. 2019 मध्ये किल्ल्यांवर हॉटेलं काढायची टूम निघाली तेव्हा मी इथे बसून सगळ्यांपेक्षा जास्त ओरडले होते. न्येबोरुफला पाहुण्यांना भाड्याने खोल्या मिळतात, तिथे मी राहायचा बेत करते. गड वेगळा आणि सरदाराचा महाल वेगळा, हे मान्य. तरी.

(पोलंड म्हटलं की आपल्याकडची मंडळी लगेच दुसऱ्या महायुद्धातल्या पोलिश निर्वासितांच्या, कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीवर येतात. ते सगळं खरं आहे, पण त्याच्या आड लपून वाड्याचा विषय टाळता येत नाही.)

आता भावाला माझ्याकडून काय हवंय, तर हक्कसोडपत्र. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलींनाही वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा आला, त्यामुळे माझी सही लागते. ‘तू तिकडे सुखात आहेस, तुला काय करायचंय त्या चार खणांचं?’ त्याचं चूक नाही. न्हाणीघराचं छप्पर पडलं तेव्हा पैसे त्याने घातले, मी फोनवर हळहळले. दूतावासात जाऊन सही साक्षांकित करायला अर्धा दिवस पुरेल. मी तो काढत नाही.

कारण सांगायला लाज वाटते. इथे माझा पेसेल नंबर (आपल्या आधारसारखा) आहे, घराचं कर्ज आहे, पोरं आपसात पोलिशमध्ये भांडतात. तरी न्येबोरुफच्या तिकीटखिडकीवर मी पोलिशमध्ये विचारलं आणि बाईंनी मला इंग्रजीत उत्तर दिलं. वाईत मला कुणी ओळखत नाही, पण प्रॉपर्टी कार्डावर माझं नाव आहे, वडिलांच्या नावासकट. तेवढं एकच ठिकाण उरलंय जिथे मी कोण हे सांगावं लागत नाही.

हे भावाला सांगितलं नाही. त्याला म्हटलं, उद्या सरकारने वाडा ताब्यात घेतला, आपल्या सगळ्यांना बाहेर काढून संग्रहालय केलं, तर मी आनंदाने तिकीट काढून आत जाईन.

‘तुझं सोपं आहे,’ तो म्हणाला, ‘तू आधीच बाहेर आहेस.’

सही करणार नाही म्हणाले आणि फोन ठेवला.